गहू कायमचा सुटला, दूध मोजून परत आले

गोदाकाठची

नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रस्त्याच्या बाजूला राहते, वय ४३. साडेतीन वर्षांपूर्वी मला सीलिॲक, म्हणजे ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार, असल्याचे निदान झाले आणि त्याच सुमारास दूधही पचत नसल्याचे लक्षात आले. ग्लूटेन (गव्हातले प्रथिन) आणि लॅक्टोज (दुधातली साखर) ही दोन्ही नावे एकाच चिठ्ठीवर घरात आली, त्यामुळे माझ्यासह घरातल्या सर्वांनी ती एकाच मापाने मोजली. "पोळी बंद, दूध बंद" एवढेच सगळ्यांच्या डोक्यात बसले. या समजुतीपायी माझे जवळपास एक वर्ष वाया गेले, म्हणून हा धागा काढते आहे. दोन्ही पथ्ये दिसायला जुळी असली, तरी त्यांचे नियम अगदी वेगळे आहेत. सीलिॲक असलेल्या माणसासाठी ग्लूटेनचे पथ्य आयुष्यभराचे असते आणि त्यात चिमटीचीही सूट नसते. लॅक्टोजचे पथ्य प्रमाणाचे असते, आणि माझ्यासारख्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा तात्पुरते ठरते.

आधी निदानाविषयी सांगते, कारण तिथेच बहुतेकांची वाट चुकते. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर माझे हिमोग्लोबिन आठच्या वर कधी टिकले नाही. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या. तोंड येणे, पोट फुगणे आणि महिन्यातून दोन-तीनदा पोट बिघडणे हे माझ्या प्रकृतीचेच भाग आहेत असे मी धरून चालले होते, आणि "तुझे पोट पहिल्यापासूनच नाजूक" असे माहेरचेही म्हणत. शेवटी एका डॉक्टरांच्या लक्षात आले की शिरेतून दिलेले लोह अंगी लागते, पण तोंडाने घेतलेले लागत नाही. याचा अर्थ अडचण लहान आतड्यातल्या शोषणात होती. त्यांनी टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी सांगितली आणि सोबत एकूण आयजीएचे, म्हणजे त्या प्रकारच्या प्रतिपिंडांचे, प्रमाणही पाहायला सांगितले, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवू शकते. त्यानंतर दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तुकडे काढून तपासले गेले.

या तपासण्यांच्या आधी एका नातेवाइकांच्या सल्ल्याने मी महिनाभर गहू सोडला होता. डॉक्टरांनी तो पुन्हा सुरू करायला लावला आणि काही आठवडे खाऊन झाल्यावरच तपासणी केली. गहू पोटात जात नसेल तर रक्तातली प्रतिपिंडे उतरतात, आतडे भरून येऊ लागते आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. ज्यांना शंका असेल त्यांनी कृपया तपासणीआधी गहू सोडू नये.

दुधाचा यात संबंध कसा आला, हे मला डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. लहान आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे लॅक्टेज हे विकर या उंचवट्यांच्या पेशींवर, विशेषतः वरच्या भागात, असते. सीलिॲकमध्ये ग्लूटेनला प्रतिसाद देताना शरीराची संरक्षणव्यवस्था हीच लव झिजवून सपाट करते, आणि तिच्याबरोबर लॅक्टेजही जाते. मग न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, वायू धरतो आणि जुलाब होतात. म्हणजे माझ्या बाबतीत दुधाचा त्रास हा गव्हाने केलेल्या इजेचा परिणाम होता. गहू खरोखर पूर्ण सुटला तर लव पुन्हा उगवते आणि तिच्याबरोबर दूध पचवण्याची शक्तीही बऱ्याच अंशी परत येते.

"खरोखर पूर्ण" हे शब्द मी जपून लिहिले आहेत. पहिल्या वर्षी आमच्या घरी दुधाचा कडक बंदोबस्त झाला. चहा कोरा, दही बंद, आणि तुपालाही सासूबाई हात लावू देत नसत. खरे तर चांगल्या कढवलेल्या तुपात लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही, पण ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. गव्हाच्या बाबतीत मात्र पोळी, ब्रेड आणि बिस्किटे बंद झाली म्हणजे काम झाले, असे आम्ही समजलो. सहा महिन्यांनी प्रतिपिंडे तपासली, तर ती अपेक्षेइतकी उतरलेली नव्हती. आहारतज्ज्ञ बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याची आणि पुडीची यादी करून आणायला सांगितली.

त्या यादीत पहिला सापडला हिंग. आपण फोडणीत घालतो तो बांधणी हिंग असतो. मूळ हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. डबीच्या मागे बारीक अक्षरात तसे छापलेलेही होते. वरणात, भाजीत, आमटीत आणि ताकात तो दिवसातून दोन वेळा माझ्या पोटात जात होता. दुसरे मेतकूट, ज्यात आमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे मूठभर गहू भाजून घालतात. तिसरी थालीपिठाची भाजणी, तिच्यातही गहू. उन्हाळ्यातल्या कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच, पण तळणाच्या डब्यात त्या नागलीच्या पापडांबरोबर राहत आणि एकाच कढईत तळल्या जात.

सर्वांत मोठी चूक मात्र गिरणीची होती. ज्वारीची भाकरी खाते म्हणून मी निर्धास्त होते, पण ज्वारी दळली जात होती कोपऱ्यावरच्या गिरणीत, जिथे दिवसभर गहूच पडतो. गिरणीवाले दादा भले माणूस आहेत. मी सांगितल्यावर त्यांनी सकाळी गिरणी झाडून पहिले दळण माझे घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे "बाजरीवर ज्वारी दळा, गव्हावर नको" असे सांगण्याची रीत आहेच. पण जात्याच्या खाचांत आणि पिठाच्या पिशवीत आदल्या दिवशीचे गव्हाचे पीठ राहतेच, आणि ते झाडून जात नाही. शेवटी आम्ही घरघंटी घेतली. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही. त्याच महिन्यात पोळपाट, लाटणे, चाळणी, परात आणि तवा माझ्यासाठी वेगळे केले. लाकडी पोळपाट आणि पिठाची चाळणी ही दोन कितीही धुतली तरी पुरती स्वच्छ होत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून करावी असे मी सुचवेन.

सासूबाईंनी केलेली एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. ज्वारीचे पोते आले की त्या दुपारी खिडकीच्या उजेडात सूप घेऊन बसतात आणि गव्हाचे दाणे वेचतात. पहिल्या वेळी पाच किलोंत त्यांना अकरा दाणे सापडले. ते त्यांनी एका वाटीत ठेवले आणि संध्याकाळी मुलांना बोलावून दाखवले. त्या दिवसापासून आमच्या घरात "एवढ्याशाने काय होते" असे कोणी म्हटले नाही.

हे सगळे झाल्यावर आठ-नऊ महिन्यांत प्रतिपिंडे सामान्य झाली आणि हिमोग्लोबिन साडेअकरावर गेले. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून दूध हळूहळू परत आणले. आधी जेवणात दोन चमचे ताजे दही, मग वाटीभर ताक, मग चहातले दूध. आज मला दोन वेळचा दुधाचा चहा आणि वाटीभर दही सोसते. पेढा किंवा बासुंदी मात्र अजून सोसत नाही, कारण दूध आटवताना पाणी उडून जाते आणि लॅक्टोज सगळे तिथेच उरते.

बाहेरचे खाणे, लग्नकार्ये, प्रवास आणि मुलांचे डबे यांविषयी आपले अनुभव वाचायला आवडतील.

सातपूरवासी

ताई, आपला लेख वाचून एक शंका विचारतो. मला दूध प्यायल्यावर तासाभरात पोट फुगते आणि मुरडा येतो. एका परिचितांनी दूध आणि गहू दोन्ही सोडायला सांगितले म्हणून तीन महिने दोन्ही बंद केले आहे. बरे वाटते, पण माझे वजन सहा किलोंनी उतरले. मला दोन्ही त्रास आहेत असे समजायचे का?

गोदाकाठची

दादा, दोन्ही गोष्टी एकदम सोडल्याने कशाने बरे वाटले हे आता सांगता येणार नाही, आणि वजन एवढे उतरले आहे तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवणे टाळू नका. दुधासाठी श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी असते. ठरलेल्या प्रमाणात लॅक्टोज पाजून काही तास ठराविक अंतराने श्वास तपासतात. ते न पचता मोठ्या आतड्यात गेले, तर तिथल्या जिवाणूंमुळे तयार झालेला हायड्रोजन श्वासात वाढलेला दिसतो. लहानपणानंतर लॅक्टेज आपोआप कमी होणे ही जगातल्या बहुसंख्य माणसांची नैसर्गिक स्थिती आहे, तो आजार नव्हे. अशा माणसाला गहू सोडण्याचे काहीच कारण नसते. गव्हाची तपासणी मात्र गहू पुन्हा सुरू केल्याशिवाय विश्वासार्ह होणार नाही, आणि तो किती दिवस व किती खायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पोषणवाचक

माझे शिक्षण आहारशास्त्रातले आहे, म्हणून काही आकडे जोडते.

गव्हाच्या एका पोळीत साधारण ३० ग्रॅम पीठ धरले, तर त्यात ग्लूटेन सुमारे ३ ग्रॅम येते. सीलिॲक असलेल्या लोकांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तराची स्थिती बिघडलेली आढळली. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा साठावा भाग. लेखातल्या सासूबाईंनी वेचलेल्या दाण्यांचे महत्त्व यावरून कळावे. भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार "ग्लूटेनमुक्त" लिहायचे असेल, तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. ग्लूटेन गव्हाबरोबर जवात आणि राय या धान्यातही असते, त्यामुळे जवाचा माल्ट घातलेली दुधात मिसळायची पेये आणि बिअर ही दोन्ही वर्ज्य.

दुधाचा हिशेब अगदी निराळा. १०० मिलिलिटर दुधात लॅक्टोज ४.५ ते ५ ग्रॅम असते. ज्यांना ते नीट पचत नाही अशांपैकीही बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पेलाभर दुधाइतके, विशेषतः जेवणाबरोबर घेतल्यास, फारसा त्रास न होता सोसते. चहात ४० मिलिलिटर दूध घातले तर ते जेमतेम २ ग्रॅम होते. दही लागताना जिवाणू काही लॅक्टोज वापरून टाकतात आणि त्यांचे स्वतःचे विकर आपल्या पोटातही थोडी मदत करते. पनीर आणि चक्का यांतून निवळीबरोबर बरेच लॅक्टोज निघून जाते. सीलिॲकच्या सुरुवातीच्या महिन्यांत मात्र आतडे फारच सोललेले असते, तेव्हा याहून कमी प्रमाणही बाधू शकते.

दोन्ही पथ्ये एकत्र असली की ती एकमेकांच्या वाटेत येतात, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुधाला पर्याय म्हणून ओटचे दूध आणले जाते, पण ओट शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या आणि जवाच्या संगतीत वाढतात, त्यामुळे वेगळे प्रमाणित नसतील तर ते टाळावेत. ग्लूटेनमुक्त बिस्किटांत आणि तयार पिठांत दुधाची भुकटी बेमालूम असते. "पूर्ण वनस्पतिजन्य" म्हणून विकले जाणारे सोया चाप दूधविरहित असले, तरी मैद्यावर किंवा थेट गव्हाच्या ग्लूटेनवर बेतलेले असते. "नाचणी माल्ट" या नावाच्या पुडीतला माल्ट मोड आलेल्या नाचणीचा असेल तर चालतो, पण त्यात गहू किंवा दूधभुकटी नाही ना, हे दर वेळी मागची यादी वाचूनच ठरवावे लागते. लॅक्टोजमुक्त दूध हे खरे दूधच असते, त्यात फक्त लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते किंचित गोड लागते. मात्र ज्यांना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांना ते चालत नाही.

कॅल्शियमकडे दुर्लक्ष करू नका. सीलिॲकमध्ये हाडे आधीच अशक्त झालेली असू शकतात, त्यात दूधही बंद. प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असे भारतीय शिफारस सांगते. १०० ग्रॅम नाचणीत ते ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते, तेवढ्याच दुधात सुमारे १२०. नाचणीतले सगळे अंगी लागत नाही, पण तिला मोड आणून दळल्यास शोषण सुधारते. सालासकट तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पाला यांचीही जोड द्यावी, आणि ड जीवनसत्त्व, बी-१२ व फोलेट यांची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

निफाडचा शेतकरी

मी गहू पिकवणारा माणूस आहे. आमच्या निफाडला गव्हाचे संशोधन केंद्र आहे आणि तिथल्या वाणांना त्र्यंबक, तपोवन अशी आपल्याच जिल्ह्यातली नावे दिलेली आहेत, त्याचा आम्हाला अभिमान आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो. खपली गहू ग्लूटेनचे पथ्य असलेल्यांना चालतो असे सांगून हल्ली महाग विकला जातो. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. काही जणांना तो पचायला हलका वाटत असेल, पण सीलिॲकच्या रुग्णाने तो अजिबात खाऊ नये. माझ्या चुलतबहिणीला असा गहू "औषधी" म्हणून कोणीतरी दिला होता आणि तिला पुन्हा दवाखान्यात न्यावे लागले.

आणखी एक. ज्वारी-बाजरीत गव्हाचे दाणे येतात ते कोणी मुद्दाम घातलेले नसतात. तेच मळणी यंत्र गावभर फिरते, तीच बारदाने पुन्हा वापरली जातात. माझ्या मेहुण्यांकडे सिन्नरच्या बाजूला बाजरी असते. खळ्यावर आधी आपली बाजरी काढून, नव्या पोत्यांत भरून ठेवायला मी त्यांना सांगू शकतो. निवडून घ्यावी लागेलच, पण फरक पडेल.

मखमली

नागली आणि वरईसाठी पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागांतून आलेला माल पाहावा असे मी सुचवते. डोंगरउतारावरच्या या शेतांत गहू फारसा नसतो, त्यामुळे सरमिसळ कमी आढळते. पीठ मात्र तयार घेऊ नये, आख्खे धान्य आणून घरीच दळावे.

इंदिरानगरचा बाबा

आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. निदान सहाव्या वर्षी झाले, तेव्हा त्याची उंची वर्षभर वाढलीच नव्हती आणि वजन जेमतेम चौदा किलो होते. आम्ही सुरुवातीला त्याला खाऊ घालण्याच्या ओढीने दूध वाढवत गेलो आणि त्याने जुलाब अधिकच वाढले. गहू सुटल्यावर पाच महिन्यांत त्याला दूध सोसू लागले आणि आता तो रात्री पेलाभर पितो. उंचीही भरून निघते आहे. त्यामुळे धाग्याचे शीर्षक आमच्या घरालाही लागू पडते.

शाळेचा प्रश्न पदार्थांपेक्षा अवघड निघाला. वाढदिवसाला वर्गात केक वाटला जातो. पहिल्या वर्षी तो एकटाच हात मागे घेऊन बसत असे आणि घरी येऊन काही बोलत नसे. आता वर्गशिक्षिका आदल्या दिवशी निरोप देतात आणि मी त्याच्या डब्यात राजगिऱ्याची वडी किंवा शेंगदाण्याचा लाडू देतो. त्याने एकदा मित्राच्या डब्यातला शंकरपाळा खाल्ला होता. तो रागावण्याचा प्रसंग नव्हता. तो मुलगा आहे आणि त्याला शंकरपाळे आवडतात. आम्ही रविवारी तांदळाची पिठी, थोडे बेसन आणि गूळ यांचे शंकरपाळे केले. ते ठिसूळ झाले, पण त्याने तेच मित्राला नेऊन दिले.

माझा प्रश्न असा: सहलीला किंवा बाहेर जेवायला आपण काय करता?

गोदाकाठची

आपल्या मुलाविषयी वाचून फार बरे वाटले. बाहेर जेवताना मी एक गोष्ट शिकले आहे, ती इथे सविस्तर लिहिते. आपल्याकडे ग्लूटेन हा शब्द वाढप्याला समजत नाही, पण उपवास समजतो. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळे यांत ग्लूटेन नसते. शिवाय उपवासाच्या पदार्थांना पोळीचा, पिठाचा किंवा हिंगाचा स्पर्श होऊ नये, ही शिस्त जुनी जाणती मंडळी श्रद्धेने पाळतात, वेगळी कढई आणि वेगळा झारा ठेवतात. म्हणून मी अनोळखी ठिकाणी उपवासाचे पदार्थ कुठे स्वतंत्र होतात हे विचारते, आणि तळणीचे तेल वेगळे आहे का हे डोळ्यांनी पाहून घेते. एकदा मी पाहिले नव्हते. एका उपाहारगृहात साबुदाणा वडे समोशांच्या तेलातच तळले जात होते आणि मला पुढचे तीन दिवस अंथरुणावर काढावे लागले.

नाशिकची मिसळ पावाशिवाय मागून चालेल का, असे मला पुष्कळ जण विचारतात. मटकी आणि रस्सा हे मूळचे निर्धोक पदार्थ असले, तरी रश्शातला हिंग, फरसाणची तळण आणि बरोबरचा पापड यांची खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून मी बाहेरची मिसळ सोडली आहे. घरी करते, गहू नसलेला हिंग घालून आणि घरच्या शेवेसह, आणि सोबत ज्वारीची भाकरी घेते. तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंगही मिळतो, यादी वाचून घ्यावा. लग्नाला जाताना डबा नेते. यजमानांना आधी फोन करून सांगितले की कोणी वाईट मानत नाही, असा माझा अनुभव आहे. आयत्या वेळी पानावरून उठणे मात्र सगळ्यांनाच जड जाते.

रामकुंडाजवळ

मी सगळे प्रतिसाद आदराने वाचले, पण मनातले बोलतो. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या गहू आणि दूध घेतले आणि ते शंभरी गाठत. गेल्या काही वर्षांतच हे शब्द ऐकू येऊ लागले. पाश्चात्त्यांची पथ्ये आपण अकारण अंगाला लावून घेत आहोत का, असे वाटते.

गोदाकाठची

आपली शंका प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर देते. ज्यांना त्रास नाही त्यांनी गहू सोडावा असे मी म्हणत नाही, आमच्या घरात बाकीचे चौघे पोळीच खातात. आजार मात्र नवा नाही. ग्लूटेनशी त्याचे नाते उलगडले ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांच्या कामामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हा ही आजारी मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली, हे त्यांनी टिपले आणि १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडले. त्याआधीही अशी मुले होतीच. त्यांना मुडदूस, संग्रहणी किंवा नुसता अशक्तपणा म्हटले जात असे आणि त्यांतली कित्येक मोठी होत नसत. भारतातही, विशेषतः पंजाब-हरियाणाच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात, हा आजार चांगलाच परिचित आहे.

पूर्वजांविषयी म्हणाल, तर माझ्या आजीच्या घरी, कळवणकडे, रोज बाजरीची भाकरी असे आणि पोळी सणालाच होई. माझ्या आताच्या ताटाकडे पाहिले तर तिला ते ओळखीचेच वाटले असते.

पंचवटीतील आजी

मुली, तुझे लिहिणे वाचले. प्रसादाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहिते. सत्यनारायणाच्या प्रसादात रवाही असतो आणि दूधही, म्हणजे तुझी दोन्ही पथ्ये एका द्रोणात. माझ्या सुनेलाही हाच आजार आहे. पहिल्या पूजेला ती प्रसाद हातात घेऊन रडली. तेव्हापासून आम्ही सव्वा वाटी वरई रव्यासारखी भरड दळून, तुपात भाजून, केळे घालून नारळाच्या दुधात शिरा करतो आणि तोच नैवेद्य सगळ्यांना वाटतो. वेगळा द्रोण करत नाही. गुरुजींना विचारले, तर त्यांनी भाव महत्त्वाचा असे सांगितले.

भाकरीविषयी थोडे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ती थापताना चिरते. पीठ आठ दिवसांपेक्षा जुने झाले की विरी जाते, मग कितीही मळा, ती जमत नाही. थोडे थोडे दळावे. पाणी उकळते घ्यावे, पिठात ओतून उलथण्याने हलवावे, झाकून पाच मिनिटे ठेवावे आणि मग सोसेल तसे तळहाताने रगडून मळावे. एका भाकरीपुरतेच मळावे. नागलीला उकड अधिक लागते. अशी भाकरी दुमडून डब्यात दिली तरी तुटत नाही.

इंदिरानगरचा बाबा

आजी, आपल्या पद्धतीने आज नागलीची भाकरी केली. डब्यात दुमडून दिली आणि संध्याकाळी डबा रिकामा आला. मनापासून आभार.

सातपूरवासी

ताई, डॉक्टरांना भेटलो. त्यांनी आधी दुधाची श्वासतपासणी केली आणि तिच्यात लॅक्टोज पचत नसल्याचे दिसले. गहू पुन्हा सुरू करून काही आठवड्यांनी टीटीजी करायचे ठरले आहे. आज तीन महिन्यांनी पोळी खाल्ली. अहवाल आला की इथे कळवतो.

गोदाकाठची

जरूर कळवा. निफाडच्या दादांनाही विनंती, बाजरी निघाली की सांगावे. आम्ही तीन-चार घरे मिळून दोन पोती घेऊ आणि एकत्र बसून निवडू.

एक राहून गेले होते. सीलिॲक असलेल्या माणसाच्या आईवडिलांत, भावंडांत आणि मुलांत हा आजार साधारण दहातल्या एकाला आढळतो, म्हणून त्यांचीही रक्ततपासणी करावी असे सांगितले जाते. आमच्याकडे हे टाळले जात होते. मुलींची तपासणी गेल्या वर्षी झाली, दोघींचीही निर्दोष आली, आणि काही वर्षांनी ती पुन्हा करायची आहे. माझी धाकटी बहीण नाशिक रोडला राहते, तिला पोटाची काहीही तक्रार नव्हती, फक्त हात दुखतात म्हणायची. तिचे टीटीजी बरेच वाढलेले निघाले आणि पुढच्या आठवड्यात तिची दुर्बिणीची तपासणी आहे. तोवर तिने पोळी सोडू नये म्हणून मी रोज फोन करते, आणि तपासणी झाली की त्याच संध्याकाळी तिच्याकडे न्यायला नवी चाळणी, पोळपाट, हिंगाची डबी आणि घरघंटीवरचे दोन किलो ज्वारीचे पीठ बांधून ठेवले आहे. दूध मात्र तिचे तिला पचते, त्यामुळे तिच्या चहाला मी हात लावणार नाही.